तीन किलोमीटरचे अंतर : अमरावती जिल्ह्यातील एका घरापर्यंत समुपदेशन पोहोचण्याची नोंद

ज्या घराविषयी ही नोंद आहे, ते घर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून तीन किलोमीटरवर आहे. केंद्रात तपासणीला पैसे पडत नाहीत, गोळ्या मोफत मिळतात आणि तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ येतात. असे असूनही त्या घरातील अडतीस वर्षांच्या बाईंची झोप उडाल्यापासून त्यांना पहिली योग्य मदत मिळेपर्यंत चौदा महिने गेले. हे चौदा महिने कशात गेले आणि नंतरच्या आठ बैठकींत काय घडले, ते मी येथे मांडत आहे. त्या परिसरातील गावांत एका मानसिक आरोग्य प्रकल्पासाठी काम करणाऱ्या समुपदेशकांच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे या प्रकरणातील चुकांत माझाही वाटा आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि काही बाबी अशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या घरांतून घेतल्या आहेत.

घरात पाच माणसे. बाई, त्यांचे पती, सासू, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. साडेतीन एकर कोरडवाहू शेती, त्यात सोयाबीन, तूर आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. शेतीवर भागत नसल्याने बाई इतरांच्या शेतात निंदणाला आणि कापूस वेचायला जात. दोन खोल्यांचे घर, मागे गोठा. बचत गटाचे कर्ज होते, शिवाय गावातल्याच एकाकडून व्याजाने घेतलेली रक्कम होती, जिचा आकडा बाईंना बराच काळ माहीत नव्हता.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, त्यांची झोप मोडू लागली. रात्री दोनला जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. मग अंग दुखू लागले, छातीत धडधड होऊ लागली, जेवण कमी झाले. ज्या गोष्टीला आपण नैराश्य म्हणतो ती गावात नैराश्य म्हणून येत नाही. ती अंगदुखी, अशक्तपणा, डोके जड होणे किंवा ‘जीव घाबरा होणे’ म्हणून येते, आणि त्यामुळे ती दवाखान्यात जाते ती सुई आणि सलाईन घेण्यासाठी. बाईही तशाच गेल्या. शेजारच्या मोठ्या गावात एक खाजगी दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा असे. तेथे त्यांना चौदा महिन्यांत अकरा वेळा सलाईन लावले गेले. सलाईन लावले की दोन दिवस बरे वाटे. त्यात औषधाचा भाग किती होता हे सांगता येणार नाही, पण त्या खाटेवर दोन तास कोणीही काम न सांगता पडून राहता येत होते, हे बाईंनी नंतर स्वतःच सांगितले, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. मधल्या काळात सासूच्या आग्रहावरून बाहेरची बाधा उतरवण्यासाठी दुसऱ्या तालुक्यातील एका भगताकडे जाणे झाले. सगळा मिळून खर्च नऊ हजारांच्या आसपास गेला, म्हणजे त्या वेळच्या अडीचशे रुपये रोजाने निंदणाच्या छत्तीस दिवसांची मजुरी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोफत सरकारी सेवा सोडून लोक पैसे देऊन खाजगीत जातात, याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. आरोग्य केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चाले, आणि निंदणाची वेळही सकाळचीच. केंद्रात जायचे म्हणजे जाण्यायेण्याचे ऑटोचे साठ रुपये आणि बुडालेला रोज. खाजगी दवाखान्यात काम आटोपून, स्वयंपाक करून, रात्री आठला जाता येई. मोफत सेवेची किंमत तीनशे दहा रुपये होती आणि ती दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत चुकवावी लागत होती. शिवाय केंद्रातील मानसिक आरोग्याच्या खोलीवर तसा फलक होता, आणि त्या फलकाखाली बाकावर बसलेली बाई संध्याकाळपर्यंत गावात चर्चेचा विषय झाली असती. दहावीतल्या मुलीची आई म्हणून ही भीती त्यांना साधी वाटत नव्हती. पोरीचे लग्न जमवताना हे निघेल, असे त्या म्हणाल्या होत्या.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला सरकारी किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि ती सेवा कशी असावी हेही त्यात सांगितले आहे. ती परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी, भौगोलिकदृष्ट्या पोहोचता येण्यासारखी आणि भेदभावरहित असावी, आणि ती रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना स्वीकारता येईल अशा रीतीने दिली जावी. या यादीतला शेवटचा भाग वाचताना सहज नजरेतून सुटतो. या घराच्या बाबतीत पहिल्या बहुतेक अटी कागदावर पूर्ण होत होत्या. अडले ते शेवटच्या अटीवर.

पहिल्या दोन चुका

बाईंची माहिती आम्हाला आशाताईंकडून मिळाली. त्या लसीकरणासाठी वस्तीत फिरत असताना त्यांच्या लक्षात आले की बचत गटाच्या बैठकीत पुढे बसून हिशेब सांगणारी ही बाई आता येतच नाही, आणि आली तर भिंतीला टेकून गप्प बसते. आशाताईंनी नोंदवले ते एवढेच, आणि कोणत्याही चाचणीपेक्षा ते निरीक्षण अधिक नेमके होते.

आमची समुपदेशक सव्वीस वर्षांची, शेजारच्या गावची, बारावी झालेली आणि प्रशिक्षण घेतलेली. पहिल्या भेटीला ती दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीस सकाळी दहा वाजता, खांद्याला प्रकल्पाची पिशवी अडकवून, हातात नोंदवही घेऊन थेट घरी गेली. ओट्यावर सासू होत्या, समोरच्या घरी दोन बायका तूर निवडत होत्या. कोण आले, कशाला आले, ही विचारपूस तिथल्या तिथे झाली. समुपदेशकाने ‘मनावरचा ताण’ हे शब्द उच्चारले आणि सासूंनी “आमच्या घरी तसं काही नाही” असे सांगून विषय संपवला. पुढचे तीन आठवडे त्या घराचे दार आमच्यासाठी बंद राहिले. हे असे जायचे नाही, हे तिला सांगण्याचे काम माझे होते आणि मी ते केलेले नव्हते. भेटीची वेळ, पिशवी, वही यांचा विचार मी प्रशिक्षणात कधी घेतलाच नव्हता.

दार उघडले ते आशाताईंमुळे आणि रक्तदाबामुळे. सासूंचा रक्तदाब तपासायला समुपदेशक आशाताईंबरोबर गेली, आजींच्या गुडघ्यांची चौकशी झाली, त्यांच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या हे नीट लिहून दिले गेले. तिसऱ्या खेपेला आजी स्वतःच म्हणाल्या, “सुनेले पाह्य ना बाई, ते जेवत नाही.” ज्या सासूला आम्ही अडथळा समजत होतो, तीच परवानगी देणारी होती. तिला वगळून आत जाण्याचा प्रयत्न हीच मुळात उलटी पद्धत होती. घरातील थोर माणसाला आधी विचारणे हा आमच्या गावांत शिष्टाचार आहे, आणि आम्ही मात्र रुग्णाच्या गोपनीयतेच्या नावाखाली तो मोडला होता. गोपनीयता पाळायचीच असते, पण ती कोणत्या टप्प्यापासून पाळायची हे घर पाहून ठरते.

दुसरी चूक प्रश्नावलीची. नैराश्य ओळखण्यासाठी वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली आम्ही वापरत होतो. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला हे विचारायचे, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस, आणि गुण जितके जास्त तितका त्रास अधिक. सप्टेंबरच्या शेवटी समुपदेशकाने ती छापील मराठीत, ओळीने वाचली. बाईंनी बहुतेक प्रश्नांना “नाही” म्हटले. गुण आले तीन. वहीप्रमाणे त्या निरोगी होत्या.

शनिवारच्या आढावा बैठकीत हा आकडा आणि बाईंचे वर्णन एकमेकांशी जुळेना, म्हणून आम्ही प्रश्नांची भाषा तपासली. ‘गोष्टी करण्यात रस किंवा आनंद कमी वाटणे’ हा प्रश्न ज्या बाईला ऐकवला जात होता, तिला आपण कोणत्या गोष्टी रस वाटतो म्हणून करतो, असे कधी कोणी विचारलेच नव्हते. काम हे काम असते. आम्ही तो प्रश्न “घरात, वावरात, कुठं मन लागते का?” असा विचारायचे ठरवले, आणि दोन आठवडे म्हणण्याऐवजी “पोळ्यानंतर”, “मागच्या दोन बाजारांपासून” अशा खुणा वापरायचे ठरवले, कारण गावातला आठवडा सोमवारी सुरू होत नाही, तो आठवडी बाजाराने मोजला जातो. मुख्य म्हणजे प्रश्न ओळीने वाचायचे नाहीत, आधी नुसते बोलायचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अंगणवाडी सुटल्यावर तिच्या मागच्या खोलीत, ही भेट झाली. गुण आले सतरा. मधल्या काळात आजार वाढला होता असे मला वाटत नाही. विचारणे बदलले होते.

नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याचा असतो. बाई म्हणाल्या, “एकदा झोपलं की उठूच नये असं वाटते.” मग लगेच, “पण पोरीचं कसं होईन?”

या उत्तरावर समुपदेशक गोंधळली नाही, याचे श्रेय तिचे आहे. तिने सरळ शब्दांत विचारले की जीव द्यायचा विचार मनात येतो का, कसा येतो, किती वेळा येतो. असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्यावर बाईंनी पहिल्यांदा दीर्घ श्वास घेतला आणि रडल्या. ठरवलेला बेत नव्हता, पण विचार रोजचा होता. त्याच संध्याकाळी, बाईंच्या संमतीने आणि फक्त तेवढ्याच बाबीपुरते, पतीशी बोलून घरातली फवारणीची औषधे गोठ्यातून हलवून त्यांच्या चुलतभावाच्या कुलूप असलेल्या खोलीत ठेवली गेली. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात ही एक कृती अनेक सल्ल्यांपेक्षा मोलाची असते, कारण असह्य वाटण्याचा तो क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतो आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळे अवलंबून असते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक, जो ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास मोफत चालू आहे, मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. बाईंकडे स्वतःचा फोन नव्हता.

आठ बैठकी

गुण आणि नवव्या प्रश्नाचे उत्तर पाहता निव्वळ समुपदेशनावर थांबणे योग्य नव्हते. तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे नेणे गरजेचे होते, आणि सोयाबीनची सोंगणी सुरू होती. आम्ही बुडणाऱ्या रोजाचा विचार करून तो दिवस बाजाराच्या दिवशी धरला, कारण त्या दिवशी बायका तालुक्याला जातात आणि त्याला कोणी कारण विचारत नाही. बरोबर आशाताई गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन 8.6 निघाले, थायरॉइड ठीक होते. म्हणजे थकव्याचा काही भाग खरोखरच रक्तक्षयाचा होता आणि अकरा सलाईनच्या काळात ते कोणी पाहिलेले नव्हते. लोहाच्या गोळ्या आणि नैराश्यावरची रोजची एक गोळी सुरू झाली. ही गोळी झोपेची नाही, तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून ती आपण होऊन बंद करायची नाही, हे समुपदेशकाने प्रत्येक भेटीत सांगितले. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली तेव्हा बाईंनी गोळी सोडली होती. ते दुसऱ्या बैठकीत कळले आणि जेवणानंतर घ्यायला सांगून ती पुन्हा सुरू झाली. बैठक साप्ताहिक नसती तर हे कळले नसते.

बैठकींची पद्धत आम्ही नवी शोधली नव्हती. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून, सहा ते आठ बैठकींचे समुपदेशन देऊन पाहिले होते. माणसाला पुन्हा त्याच्या जगण्यातल्या छोट्या, अर्थपूर्ण कृतींकडे वळवणे हा त्याचा गाभा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर समुपदेशनाविना, थोडे सुधारलेले नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. आमच्या अमरावती जिल्ह्यातही ‘विश्राम’ या कार्यक्रमात तीस गावांत अशीच रचना उभारली गेली होती, आणि अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. मला या दुसऱ्या आकड्यांत अधिक रस आहे. उपचार गुणकारी आहेत हे आता पुष्कळ ठिकाणी सिद्ध झाले आहे, पण शंभरातली चार माणसे दाराशी येत होती तेथे सत्तावीस कशी येऊ लागली, हा प्रश्न उपचारांचा नाही, पोहोचण्याचा आहे. आणि सत्तावीस झाल्यावरही त्र्याहत्तर बाहेरच होती.

पहिल्या तीन बैठकी दिनक्रम समजून घेण्यात गेल्या. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत कोणते काम केव्हा, आणि त्या वेळी मन कसे असते, हे बाईंनी सांगायचे आणि समुपदेशकाने कागदावर चित्रांनी मांडायचे, कारण बाई चौथीपर्यंत शिकलेल्या असल्या तरी लिहिण्याची सवय सुटलेली होती. त्या कागदावर दिसले की सतरा तासांत एकही वेळ त्यांची स्वतःची नव्हती. आधी होती. गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला त्या जात, महिलांच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवत. ते दीड वर्षापासून बंद होते. का बंद केले, याला उत्तर आले नाही.

चौथ्या बैठकीत ते उत्तर आले. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये बाईंची आई वारली होती. त्या माहेरी गेल्या, आणि चौथ्या दिवशी पाऊस पडला. पेरणीची वाफ गेली असती म्हणून पतीचा निरोप आला आणि त्या परत आल्या. पुन्हा गेल्या त्या फक्त तेरवीला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मधले दिवस त्या सरता धरून पेरत होत्या. घरी कोणी त्यांना आईविषयी विचारले नाही. पेरणी चालू असताना विचारणारही कोण? प्रार्थनेत डोळे मिटले की आई दिसे, म्हणून त्यांनी तिथे जाणे सोडले. सगळ्या गावाला बाईंची अंगदुखी माहीत होती, पण आईसाठी त्या रडल्या नव्हत्या हे कोणालाच माहीत नव्हते, आमच्या नोंदवहीलाही नाही. कुटुंबाच्या माहितीच्या रकान्यात ‘आई – मयत’ एवढे लिहिलेले होते.

मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी विदर्भात बोलले जाते ते बहुतेक कर्ज, नापिकी आणि पुरुषांची आत्महत्या यांच्या अंगाने. ते विषय खरे आहेत, आणि या घरातही ते होते. परंतु पेरणीसाठी सुतकातून उठून आलेली लेक हा त्या शेतीचाच भाग आहे, आणि तिचे दुःख कोणत्याही पाहणीच्या रकान्यात बसत नाही. समुपदेशकाने त्या बैठकीत काहीही सुचवले नाही. ती पाऊण तास ऐकत राहिली आणि शेवटी आईचे नाव विचारले. आढाव्यात तिने मला विचारले की मी काहीच केले नाही, हे चुकले का. माझ्या मते आठही बैठकींतले सर्वांत चांगले काम तेच होते.

त्यानंतर कृती सुचू लागल्या, आणि त्या बाईंनी स्वतः सुचवल्या. गुरुवारी एकदा प्रार्थनेला जायचे. आईच्या हातची जी आंबाडीची भाजी त्यांनी दीड वर्षात केली नव्हती, ती करायची. दुपारी भांडी झाल्यावर पंधरा मिनिटे आडवे पडायचे, सलाईनशिवाय. ही शेवटची कृती सर्वांत अवघड गेली, कारण दिवसा आडवी पडलेली सून हा घरात चर्चेचा विषय होतो. तेथे आजींची मदत घेतली. “दवाखान्यानं सांगतलं, पडू दे तिले,” असे आजीच शेजारणींना सांगू लागल्या.

पती आणि मुलगी

एका व्यक्तीचे समुपदेशन म्हणून सुरू झालेले काम पाचव्या बैठकीपासून कुटुंबाकडे वळले. मुलगी शाळेत गैरहजर राहते असे आशाताईंनी सांगितले होते, आणि कारण अभ्यासाचे असेल असे घरच्यांना वाटत होते. मुलीशी बोलल्यावर कळले की ती रात्री जागत होती. आई उठून मागच्या दारी गेली की ही हळूच उठून बघत असे. पंधरा वर्षांची ती मुलगी कित्येक महिने रात्रीचा पहारा देत होती आणि दिवसा वर्गात झोपत होती. तिला कोणी हे काम दिले नव्हते. तिच्यासाठी बाईंच्या संमतीने एवढेच सांगितले गेले की आईला आजार आहे, त्याचे औषध चालू आहे, आणि रात्री काळजी वाटली तर आजीला उठवायचे, एकटीने बसायचे नाही. आजींनी आपली खाट बाईंच्या खोलीच्या दारापाशी आणली. मुलीची हजेरी डिसेंबरपासून सुधारली.

पतीशी बोलणे आमच्या समुपदेशकाला शक्य नव्हते, आणि त्यांना अंगणवाडीत बोलावणेही शक्य नव्हते. आमचा एक पुरुष कार्यकर्ता त्यांना वावरात भेटला. पहिल्या दोन भेटी सोयाबीनच्या भावावर आणि तुरीवरच्या अळीवर झाल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी सावकाराच्या रकमेचा आकडा सांगितला, जो त्यांनी घरी सांगितला नव्हता. दारू त्या आकड्याबरोबर सुरू झालेली होती, रोज नाही, पण आठवड्यातून चारपाच दिवस. बायकोच्या आजाराला आपण कारणीभूत आहोत असे त्यांना वाटत होते आणि ते वाटणे बुडवण्यासाठी ते पीत होते. आम्ही त्यांच्याशी दारू सोडण्यावर वाद घातला नाही. पिण्याचे दिवस कोणते, कोणाबरोबर, पैसे कुठून, हे त्यांनी स्वतः मोजले आणि बाजाराचा दिवस सोडून बाकी दिवस टाळायचे ठरवले. ते पूर्ण जमले नाही. चार महिन्यांनी ते आठवड्यातून एकदोनदा पीत होते. तालुक्यातील तज्ज्ञांकडे जायला त्यांनी नकार दिला आणि तो नकार शेवटपर्यंत कायम राहिला.

कर्जाचा आकडा बाईंना सांगायचा की नाही, यावर आमच्यात मतभेद झाला. बाई नुकत्या सावरत होत्या. मी थांबावे या मताचा होतो. समुपदेशकाचे म्हणणे होते की त्यांना आकड्यापेक्षा लपवाछपवीचा त्रास अधिक आहे, आणि ती बरोबर निघाली. सातव्या बैठकीत पतीने, आजींच्या देखत, आकडा सांगितला. बाई रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बचत गटाची वही काढून हिशेबाला बसल्या. आशाताईंनी आम्हाला तो निरोप दिला तेव्हा मला गटाच्या बैठकीत पुढे बसणाऱ्या बाईंचे त्यांनी केलेले वर्णन आठवले.

काय झाले, काय नाही

आठ बैठकींना अकरा आठवडे लागले, कारण सोंगणी आणि कापसाच्या वेचणीमुळे तीन आठवडे सुटले. डिसेंबरअखेर गुण सतरावरून आठवर आले. नवव्या प्रश्नाला “आता तसं नाही येत मनात” असे उत्तर होते. हिमोग्लोबिन 10.4 झाले. मार्चमध्ये गुण पुन्हा बारा झाले, कारण कापसाचा भाव आणि सावकाराचा तगादा एकाच आठवड्यात आले. दोन जादा बैठकी झाल्या. औषध चालू ठेवले गेले. जूनमध्ये गुण सहा होते. मार्चमध्ये तब्येत पुन्हा खालावली हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण बरे होण्याची रेघ सरळ चढत नाही आणि प्रकल्पाच्या अहवालात मार्चचे रकाने सहसा नसतात.

आमचे काम कर्ज फेडू शकले नाही. भावाची, पावसाची, व्याजाची बाजू जशीच्या तशी राहिली. समुपदेशनाने शेतीचे प्रश्न सुटतात असा दावा कोणी करू नये. तो दावा ज्या माणसांपुढे केला जातो त्यांचा तो अपमान असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये बारा राज्यांत झाले आणि सर्वसाधारण मानसिक आजार असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत असे त्यात आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या तालुक्यात ते प्रमाण किती आहे, हे आम्ही एकेका घरावरूनच ओळखतो.

या प्रकरणानंतर आमच्या कामात काही बदल झाले. समुपदेशकांच्या पिशव्या गेल्या, साध्या कापडी थैल्या आल्या. अंगणवाडीतल्या खोलीला कोणतेही नाव दिले नाही. तिथे वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवले, जेणेकरून तिथे जाण्याला कोणालाही सांगता येईल असे कारण असावे. हंगामात भेटी पहाटे सहाला किंवा रात्री साडेसातनंतर होऊ लागल्या, आणि त्यासाठी समुपदेशकांना जाण्यायेण्याची सोय आणि वेगळा भत्ता द्यावा लागला. तो मिळवायला मला पाच महिने पत्रव्यवहार करावा लागला. सेवा सुलभ करायची तर कोणाला तरी अवेळी उठून जावे लागते, आणि त्या माणसाचा खर्च अंदाजपत्रकात लिहावा लागतो. माझ्या मते सुलभतेची सगळी चर्चा शेवटी येथे येऊन ठेपते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात समुपदेशक ठरल्या वेळी अंगणवाडीत गेली तेव्हा बाई आल्या नव्हत्या. मागच्या दीड महिन्यात त्यांची एकही भेट चुकली नव्हती, म्हणून ती काळजीने घरी गेली. आजी ओट्यावर होत्या. आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता आणि पती मुलाला घेऊन पेरायला गेले होते. त्या दिवशीची नोंद वहीत अशी आहे : “भेट झाली नाही. आईच्या वर्षश्राद्धासाठी माहेरी. पेरणी सुरू आहे, तरी चार दिवस राहणार असे आजींनी सांगितले. गोळ्या सोबत नेल्या आहेत.”